डेस नॅट्रस गावाबाहेर जातो

आमच्या खोऱ्यात एखाद्याच्या जिन्यावर पाऊल टाकलं आणि ते मऊ लागलं, की समजावं, इथे डेस नॅट्रस गुडघे झिजवून गेला आहे. डेसने उभा जन्म गालिचे अंथरण्यात घालवला. त्याची पांढरी गाडी, तिच्यात गालिच्यांच्या गुंडाळ्या आणि पुढे आसनावर घडी घालून ठेवलेली गुडघ्यांची उशी, हे रेव्हन्सगिलच्या रस्त्यावरचं रोजचं दृश्य. माणूस बुटका, गोल, गालांवर बाराही महिने थंडीची लाली. कुणाच्या घरी काम करायला गेला तर निघताना तो एकदा खिडकीपाशी थांबून आभाळाकडे बघायचा. सगळं गाव त्याला हसायचं, आणि त्यानंतर स्वतःही एकदा बघायचं.

आम्हा डोंगराळ माणसांना बर्फाचं वेड असतं, पण डेसचं वेड वेगळं होतं. त्याने मोठा बर्फ कधी पाहिलेलाच नव्हता.

भुरभुर सगळेच बघतात. मोठा बर्फ म्हणजे कुरणांचे दगडी बांध दिसेनासे होतात, मेंढ्या त्यांच्यावरून चालत जातात, आणि सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यात दुसरं पांढरं दार उभं असतं. असा बर्फ आमच्याकडे फार वर्षांनी एकदा येतो. तो आला, की डेस गावात नसतो.

जन्मापासून हे असंच. ज्या हिवाळ्यात पुलाचे कठडे बुडाले, त्या हिवाळ्यात त्याच्या आईला बाळंतपणासाठी आधीच न्यूकॅसलच्या इस्पितळात नेलं होतं. ती बाळ घेऊन परतली तेव्हा ओढ्याकाठी पिवळी फुलं डुलत होती. पुढे शाळेत असताना चर्चच्या गायनस्पर्धेसाठी त्याला समुद्राकाठच्या गावी नेलं. तो तिथे गात होता आणि इथे त्याचे वर्गमित्र छपरावरून घसरत खाली येत होते. मग लग्न झालं. मधुचंद्राला तो पॉलीनला घेऊन जर्सी बेटावर गेला. तिथे आईचा फोन आला, "अरे, दार उघडत नाही. तुझे बाबा खिडकीतून बाहेर गेलेत." पॉलीन अजून सांगते, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझा नवरा ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, मला बघून."

शेवटचा मोठा बर्फ पडला तेव्हा तो स्कॉटलंडच्या एका बेटावर हॉटेलात गालिचे घालत होता. बोटी बंद होत्या, आणि तिथे आठवडाभर नुसता पाऊस होता.

असं इतक्यांदा झालं, की गावाने त्याचा नियमच केला. डेस गावात असला तर चिखल. डेस गावाबाहेर गेला, तर फावडी काढा.

आम्ही चौघं हवामानाचे वेडे. एक डेस. दुसरी मॉरीन पीअर्ट, जिचं फिश अँड चिप्सचं दुकान गावाच्या मधोमध आहे. तिसरा गॉर्डन रेन, जो हिवाळ्यात खिंडीचा रस्ता गोठू नये म्हणून मीठ टाकणारी आणि बर्फ सारणारी मोठी पिवळी गाडी चालवतो. चौथा मी. तळणीची भट्टी पेटण्याआधी, दुपारी, आमची बैठक मॉरीनच्या दुकानात भरते. काउंटरवर व्हिनेगरच्या बाटल्यांशेजारी तिचा लॅपटॉप उघडा असतो. दिवसातून ठरावीक वेळी जगभरचे मोठे संगणक आपापले नवे नकाशे बाहेर टाकतात. आम्ही त्यांना माणसांसारखी नावं ठेवली आहेत. एक अमेरिकन, तो बढाया मारतो. एक युरोपवाला, तो कमी बोलतो. एक आपला इंग्लिश, तो शेवटपर्यंत मत बदलतो.

दुकानाचे दोन कायदे आहेत. आत असताना 'बर्फ' हा शब्द उच्चारायचा नाही. 'पाहुणे' म्हणायचं. चुकून तोंडातून निघाला, तर सगळ्यांना घोटलेल्या वाटाण्यांची एकेक वाटी त्याच्या खर्चाने. दुसरा कायदा दिव्याचा. रस्त्यावर हल्ली जे पांढरे दिवे लावलेत, त्यांच्या उजेडात पडणारं काही नीट दिसत नाही. म्हणून मॉरीनने एक जुना नारिंगी दिवा हट्टाने आपल्या भिंतीवर बसवून घेतला आहे. पाहुणे येणार असले, की आम्ही त्याच्याखाली मान वर करून उभे राहतो. पावसाचा थेंब त्या उजेडातून सरळ रेघ ओढत जातो. पाहुणा डुलत येतो, कुठे उतरावं याचा विचार करत येतो.

त्या वर्षी डेसने घर विकलं. त्याचे गुडघे गेले होते, पॉलीनला ऊन हवं होतं, आणि लेक दक्षिणेला टॉर्कीच्या किनाऱ्यावर राहत होती. तिथे ताडाची झाडं आहेत. वसंतात सामान हलवायचं ठरलं. म्हणजे रेव्हन्सगिलमधला डेसचा हा शेवटचा हिवाळा, आणि मोठा बर्फ बघण्याची शेवटची संधी.

"यंदा मी गावाबाहेर पाऊल टाकणार नाही," त्याने नोव्हेंबरातच जाहीर केलं. "खोऱ्याबाहेरचं कामसुद्धा घेणार नाही. यायचं तर माझ्यासमोर येऊ दे."

डिसेंबर चिखलात गेला. जानेवारीचा अर्धा महिना धुक्यात गेला. आणि एका सोमवारी मॉरीनने दुकानाच्या दारातूनच हाक मारली, "अरे या! अमेरिकन वेडा झालाय!"

आम्ही धावलो. डेससुद्धा धावला, त्याच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. पडद्यावर अटलांटिकमधून एक वादळ निघालं होतं, आणि आमच्या डोंगरांवर गोठलेली हवा येऊन बसली होती. दोघांची गाठ शनिवारी पडणार होती. वादळ जरा उत्तरेला सरकलं तर त्याच्याबरोबर ऊब येणार आणि आम्हाला पाऊस. जरा दक्षिणेला सरकलं तर आम्हाला कोरडा वारा. अगदी मधून आलं, तरच पाहुणे. पट्टा इतका अरुंद, की नकाशावर मॉरीनच्या करंगळीखाली झाकला जात होता.

"अमेरिकनवर काय विसंबायचं," गॉर्डन म्हणाला. "मागे त्याच्या नादाने मी अख्खी खिंड मिठाने माखली होती. वर लखलखीत चांदणं. मेंढ्या मीठ चाटत बसल्या."

पण मंगळवारी युरोपवालाही तेच म्हणाला. मग मात्र आमची झोप उडाली. बुधवारी पट्टा उत्तरेला गेला. संध्याकाळी परत आला. गुरुवारी तो बरोबर आमच्या चर्चच्या कौलांवरून जात होता. माझ्या छातीत धडधडत होतं, आणि मी काही तरुण माणूस नाही. दुकानात येणारी गिऱ्हाईकं मासा मागायच्या आधी विचारायची, "काय, पाहुणे?"

आणि मग सगळ्यांच्या नजरा डेसकडे वळू लागल्या.

सुरुवात गॉर्डनने केली. "डेस, तुझी बहीण शीला पेनरिथला असते ना? खिंडीपलीकडे. बरेच दिवस गेला नाहीस."

"छान आहे ती."

"तिच्या दिवाणखान्याला गालिचा घालायचा राहिलाय म्हणत होतास."

"उन्हाळ्यात घालीन."

"उन्हाळ्यात तू टॉर्कीला ताडाखाली बसलेला असशील, लेका."

शाळेच्या बाईंनी रस्त्यात त्याला थांबवून सहज विचारलं, शनिवारी कुठे जाणार आहात का. चर्चच्या पाद्रींनी सुद्धा, मोठ्या अदबीने, "मिस्टर नॅट्रस, काही प्रवासाचा बेत?" डेसने टोपी नीट केली आणि तो म्हणाला, "तुम्ही पण, फादर?" घरी आला तर पॉलीनने त्याची बॅग भरून दारात ठेवलेली.

"हे काय गं?"

"काही नाही. भरलेली असावी. मी काय बोलले का?"

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत डेस आपल्या शब्दाला चिकटून होता. मग शनिवारची सकाळ उजाडली आणि युरोपवाल्याने पट्टा दक्षिणेला ढकलला. थोडाथोडका नाही, पार यॉर्कशरच्या पलीकडे. इंग्लिशनेही मान डोलावली. अमेरिकन गप्प. आमच्या नशिबी कोरडा वारा.

मॉरीन बटाटे सोलत होती आणि सालं जरा जास्तच जाड निघत होती. बाहेर काचेला नाकं चिकटवून शाळेतली लहान पोरं उभी होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मोठा बर्फ पाहिला नव्हता. त्यांच्या घसरगाड्या बापाच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून जुन्या झाल्या होत्या. एकीने दार किलकिलं करून विचारलं, "मॉरीनमावशी, येतायत ना?"

मॉरीनने फक्त डेसकडे पाहिलं. क्षणभरच.

डेसने खिशातून गाडीची किल्ली काढली.

"बस खाली," मॉरीन म्हणाली. "ती सगळी थट्टा होती."

"थट्टा असती तर तू आत्ता माझ्याकडे पाहिलं नसतंस."

"डेस, तुझा शेवटचा हिवाळा आहे. उगाच मूर्खपणा करू नकोस."

"मी इथे बसलो तर मलाही दिसणार नाही, यांनाही दिसणार नाही." त्याने काचेकडे हनुवटी केली. "गेलो तर निदान यांना तरी दिसेल. शीलाच्या गालिच्याचंही काम होईल."

गॉर्डनला काहीतरी बोलायचं होतं, पण तो नाक शिंकरत राहिला. आम्ही दाराशी उभे राहिलो. पांढरी गाडी पुलावरून गेली, चर्चचं वळण घेऊन चढाला लागली. मला सांगायला लाज वाटत नाही: आम्ही शिकलीसवरली माणसं, वादळं कशी तयार होतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तरी ती गाडी दिसेनाशी झाल्याबरोबर आम्ही तिघंही लॅपटॉपकडे वळलो.

दुपारचा नकाशा आला. पट्टा परत आला होता.

"आई गं," मॉरीन म्हणाली.

"खरंच?" गॉर्डन म्हणाला.

"बरोबर आपल्यावर. बरोबर! आणि अंदाजापेक्षा लवकर येतंय."

ती नाचली. मॉरीन पीअर्ट, सत्तरीकडे झुकलेली बाई, हातात बटाट्याचं सोलणं घेऊन काउंटरमागे नाचली. पॉलीन धावत आली. "फोन करू का त्याला?" तिने विचारलं. "नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. "परत फिरेल तो!"

तीन वाजता आभाळ शिशाचं झालं. वारा पडला. कावळे ओढ्याकाठच्या झाडांत जाऊन बसले. आमच्याकडे जानेवारीत चारला अंधारून येतं. मॉरीनने नारिंगी दिवा लावला आणि सगळं गाव त्याच्याखाली जमलं. पोरांनी घसरगाड्या आणल्या होत्या. सगळ्यांच्या माना वर. कुणी श्वास सोडला तरी तो दिसत होता.

पहिला आला. सरळ रेघ.

दुसरा. सरळ रेघ.

मग रेघांमागून रेघा. मॉरीनने तळहात पुढे केला आणि मिटला. "ओला," ती म्हणाली. मध्येच एखादा जाडसर, पांढरा, डुलणारा यायचा आणि फरशीला टेकण्याआधीच विरून जायचा. गॉर्डन गाडीतला थर्मामीटर बघून आला. "केसाएवढी ऊब आहे. एवढीशी. जरा उंचावर असतो ना आपण..." नकाशा बरोबर होता, वादळ बरोबर होतं, फक्त आमचं गाव दोनतीनशे फूट खाली होतं. पोरांनी घसरगाड्या डोक्यावर धरल्या, छत्रीसारख्या.

तेवढ्यात दुकानात फोन वाजला आणि आम्ही आत धावलो. मॉरीनने सगळ्यांना ऐकू येईल असा तो काउंटरवर ठेवला.

"डेस? पोचलास का शीलाकडे?"

तो हळूच म्हणाला, "मॉरीन, मला माझी गाडी दिसत नाहीये."

"अरे देवा. चोरीला गेली?"

"नाही गं. इथेच आहे. दारासमोर. पण दिसत नाही."

"तू आहेस कुठे?"

"खिंडीत. माथ्यावर. चहाच्या खोपटात." मग त्याने सांगितलं. माथ्यावरून आपलं गाव शेवटचं दिसतं. तिथे तो चहाला थांबला आणि त्याला पुढे जाववेना. एक चहा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याबरोबर त्याने बन खाल्ला. आणि मान वर केली तर खिडकीत जग नव्हतं. "आडवा येतोय, मॉरीन! खालून वरसुद्धा जातोय! रस्त्याचे खांब गेले. बांध गेला, आख्खा बांध, मी बघत असताना गेला! बर्फ! बर्फ गं, बर्फ!"

"तीन वेळा," गॉर्डन मागून म्हणाला. "वाटाण्याच्या तीन वाट्या."

दुकानात हशा फुटला. पॉलीनने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "मेल्याने शीलाकडे जायचे चांगले बूट घातलेत." आणि ती त्याचे रबरी बूट आणायला पळाली.

लगेच गॉर्डनच्याही खिशातला फोन वाजला. खिंड बंद होत होती, वर गाड्या अडकल्या होत्या, त्याला निघायचं होतं. आम्ही त्याच्या मागोमाग पिवळ्या गाडीपाशी गेलो.

"नियमाने मी एकटाच जायचा असतो," तो म्हणाला.

"नियमाने शनिवारी संध्याकाळी मी तळण बंद करत नसते," मॉरीन म्हणाली आणि आत जाऊन तिने भट्टी विझवली. तिच्या आईच्या मयतीच्या दिवशीसुद्धा ती विझली नव्हती.

आम्ही दाटीवाटीने बसलो. पुलाशी काचेवर पाऊस. चर्चच्या वळणाशी पाऊस. शेवटच्या गोठ्यापाशी थेंब जड झाले, आवाज बदलला. मग गुरं अडवायच्या लोखंडी जाळीवरून गाडी खडखडत गेली आणि दिव्यांच्या झोतात ते डुलायला लागले. आधी दोन, मग दहा, मग काचेसमोर नुसतं पांढरं, गरगरणारं, आवाज नसलेलं. गॉर्डनने बर्फ सारायचं पातं खाली सोडलं. बाजूने बर्फाची लाट उठली आणि बांधावर आपटली. मॉरीनने माझा दंड इतका दाबून धरला होता, की तो पुढे आठवडाभर काळानिळा होता. पॉलीन मधूनमधून, स्वतःशीच, "बघ तर," म्हणत होती. "बघ तर."

माथ्यावर पोचलो आणि झोतात एक तांबडा रस्ता दिसला.

शीलाच्या दिवाणखान्याचा गालिचा! डेसने तो पट्ट्या पट्ट्या कापून अडकलेल्या गाड्यांच्या चाकांखाली घातला होता. चाकं धरत होती, आणि एकेक गाडी त्या तांबड्या पट्टीवरून खोपटाच्या आडोशाला जाऊन उभी राहत होती. आणि मधोमध, मांडीपर्यंत बर्फात, चांगल्या बुटांत, हात पसरून डेस उभा होता. भुवया पांढऱ्या. तोंड उघडं. त्यात बर्फ जात होता तरी ते मिटत नव्हतं.

"तो शीलाचा गालिचा होता," पॉलीन खाली उतरत म्हणाली.

"शीलाला सांग, पाहुण्यांच्या पायाखाली घातला."

"बूट घाल आधी."

"पॉलीन, हे बघ. हे बघ ना." त्याने तिचा हात धरून ज्या जागी बांध असायला हवा होता तिथे नेलं, आणि ती दोघं त्याच्यावरून पलीकडे चालत गेली.

गॉर्डनने रस्ता मोकळा केला, मग भोंगा वाजवला. "चल डेस, खाली जाऊ."

"मी हललो की थांबेल."

"थांबू दे. आता पाहून झालं ना?"

डेस विचारात पडला. मग त्याने खाली, आमच्या गावाच्या दिशेला पाहिलं. तिथे काही दिसत नव्हतं. "पोरांना मिळाला का?" त्याने विचारलं.

मॉरीनने नुसती मान हलवली. त्याला कळलं.

पुढे जे झालं ते गाव अजून सांगतं. खोपटातली फावडी निघाली. अडकलेले अनोळखी प्रवासीसुद्धा बाहेर आले. डेसची गाडी उकरून काढली आणि गालिच्याच्या उरलेल्या गुंडाळ्या बाजूला सारून ती छपरापर्यंत बर्फाने भरली. मॉरीन तर हातांनीच भरत होती. भरता भरता कुणीतरी गालिच्याचा एक तुकडा उलटा करून त्यावर बसलं आणि उतारावरून किंचाळत खाली गेलं. ती मॉरीनच होती. मग पॉलीन गेली. मग मी. आणि शेवटी डेस, गुडघे छातीशी घेऊन, गोल गोल फिरत, पिवळ्या दिव्यांच्या झोतातून पार अंधारात.

पिवळी गाडी पुढे आणि पांढरी मागे, अशी आमची वरात गावात उतरली. पाऊस थांबला होता. नारिंगी दिव्याखाली पोरं अजून उभी होती. डेसने गाडी चर्चच्या उतारावर उलटी लावली आणि मागचं दार उघडलं.

जन्मभर तो गावात परतायचा तेव्हा बर्फ गेलेला असायचा. त्या दिवशी तो घेऊन आला. रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत त्यातलं काहीही शिल्लक राहिलं नाही, आणि गावातलं एकही पोर कोरडं राहिलं नाही. वाटाण्याच्या वाट्या त्याने सगळ्या रस्त्याला दिल्या.

वसंतात ती दोघं टॉर्कीला गेली. आता, आमच्या नियमाने पाहावं तर, डेस कायमचा गावाबाहेर गेला म्हणजे दर हिवाळ्याला बांध बुडायला हवे होते. तसं काही झालं नाही. पहिला हिवाळा चिखलात गेला. दुसरा धुक्यात. नकाशे येतात, पट्टा येतो, आणि ऐन वेळी सरकतो.

परवा मॉरीनने त्याला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"डेस," ती म्हणाली, "तुझ्या जाण्याचा काही उपयोग होईना रे. एकदा परत ये."

"येऊन काय करू?"

"येऊन काय करायचं ते काय सांगायला हवं, लेका? चार दिवस राहा. आणि मग पुन्हा जा."

तो जानेवारीत येतो म्हणालाय. शीलाला नवा गालिचा द्यायचाच आहे. मॉरीनने शिडीवर चढून दिवा पुसून ठेवला आहे.